खिसा नसलेल्या पोशाखाचे सामान

चामड्याचे पातळ पाकीट, घडीचा चाकू, बोटभर विजेरी, पितळी पेन आणि किल्ल्यांची कडी असा तयार संच विकणाऱ्या जाहिराती या आठवड्यात पुन्हा सर्वत्र झळकल्या आणि हा संच बाळगणाऱ्याचे व्यक्तिमत्त्व त्यातून प्रकट होते, अशी ग्वाहीही त्यांनी दिली. रोज अंगावर बाळगल्या जाणाऱ्या वस्तूंत माणूस काही प्रमाणात उतरतो, हे या स्तंभात पूर्वी मांडलेलेच आहे. आक्षेप आहे तो जाहिरातीने उलटा केलेल्या क्रमाला. वस्तू आधी गरजेपोटी अंगावर येते, पोशाखात तिला जागा शोधावी लागते, ती हाताळून झिजते, चार माणसांसमोर उघडली जाते आणि मग केव्हातरी ती अमक्याची म्हणून ओळखली जाऊ लागते. हा सगळा काळ वगळून अर्थ विकत देण्याचा दावा फोल आहे, आणि तो का फोल आहे हे समजून घ्यायचे असेल तर ज्या पोशाखांना खिसाच नव्हता त्यांच्याकडे पाहावे लागते.

जपानचा किमोनो हा असा पोशाख होय. बाहीच्या पोकळीत हलकीफुलकी वस्तू राहत असली तरी जड वस्तूंसाठी त्यात सोय नव्हती, म्हणून एडो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या काळात, पुरुष आपले सामान कमरपट्ट्याला दोरीने टांगत असत. त्यातील इन्रो ही लाखकाम केलेली, एकावर एक बसणाऱ्या कप्प्यांची डबी असून तिच्यात मुख्यत्वे औषधे ठेवली जात. दोरीवर सरकणारा मणी, ज्याला ओजिमे म्हणतात, ती डबी घट्ट मिटवी. आणि दोरीचे वरचे टोक कमरपट्ट्यातून निसटू नये म्हणून तेथे जी अंगठ्याएवढी कोरीव गाठ बांधलेली असे ती नेत्सुके. हस्तिदंताच्या किंवा लाकडाच्या या गाठीला दोरी ओवण्यासाठी दोन छिद्रे असावीत आणि कपड्यात अडकेल असे टोक तिला कोठेही नसावे, एवढीच उपयोगाची अट होती. त्या अटीत राहून कारागिरांनी उंदीर, ससे, झोपलेले भिक्षू आणि शेंगा सोलणारी माणसे कोरली. व्यापाऱ्यांच्या थाटमाटावर राजसत्तेची बंधने असल्यामुळे पैसेवाल्या माणसाची हौस या एवढ्याशा गाठीत उतरली, असे अभ्यासक सांगतात.

धोतर, बंडी आणि उपरणे या महाराष्ट्रातील पोशाखाने तोच प्रश्न चंचीने सोडवला. चंची म्हणजे कापडाची लांबट, पोटात एकाखाली एक कप्पे असलेली पिशवी. ती गुंडाळायची, तिच्याच टोकाला शिवलेल्या बंदाने आवळायची आणि कमरेला खोचायची. कोणत्या कप्प्यात पान, कोणत्यात सुपारी, कात, तंबाखू आणि चुन्याची डबी कोठे, हा क्रम ज्याचा त्याचा ठरलेला असे आणि अंधारातही बोटे नेमकी हव्या त्या कप्प्यात जात. बांधावर किंवा पारावर चंची सुटली की बोलणे लांबणार, हे सर्वांना कळे. समोरच्याने न मागता पुढे केलेल्या पानाला नाही म्हणणे हा रुसवा ठरे. तंबाखूने मराठी तोंडांना कर्करोग दिला हे सत्य येथे झाकायचे नाही. तथापि चंचीच्या जागी आलेली गुटख्याची पुडी, जिच्यावर महाराष्ट्रात 2012 मध्ये बंदी आली, ती एकट्याने फाडायची, तोंडात रिकामी करायची आणि रस्त्यावर टाकायची वस्तू आहे. व्यसन तेच राहिले आणि त्याभोवतीचा व्यवहार तेवढा नाहीसा झाला.

इथवर दोन्ही वस्तू सारख्याच वाटचालीच्या दिसतात, पण खरा फरक यापुढे आहे. ओसाकाच्या इनाबा त्सूर्यू या व्यापाऱ्याने 1781 मध्ये तलवारींच्या सजावटीवरील आपल्या ग्रंथात नेत्सुके कोरणाऱ्या पन्नासहून अधिक कारागिरांची नावे नोंदवली. पुढे एडो काळानंतरच्या मेजी काळात कोट-पाटलोणीबरोबर खिसा आला, तंबाखूच्या नळीची जागा सिगारेटने घेतली आणि नेत्सुकेचे काम संपले, तेव्हा ती पाश्चात्त्य संग्राहकांच्या कपाटांत गेली. एडमंड डी वाल यांच्या 2010 मधील पुस्तकामुळे जगाला माहीत झालेली 264 नेत्सुके अशीच पॅरिसहून व्हिएन्नाला एका ज्यू कुटुंबात पोहोचली होती, आणि नाझींनी ते घर बळकावल्यावर आना नावाच्या मोलकरणीने ती थोडीथोडी करून उचलली व स्वतःच्या गादीत लपवून युद्धानंतर परत केली. जी वस्तू मुळात खिशाच्या अभावातून जन्मली ती आकाराने लहान असल्यामुळेच एका बाईच्या कपड्यांतून वाचली. जाणकार संग्राहक आजही नेत्सुकेची कपड्यावर घासून गुळगुळीत झालेली बाजू मुद्दाम पाहतात, कारण ती कुणाच्या तरी कमरेला खरोखर होती याची तीच साक्ष असते.

चंची मात्र घरातील बायकांनी किंवा गावच्या शिंप्याने उरल्यासुरल्या कापडातून शिवली आणि तिच्यावर कुणी नाव घातले नाही. ती विरली की तिचे पोतेरे झाले आणि चंचीवाला गेला की ती त्याच्या कपड्यांबरोबर गेली. याउलट पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील, सुपारी कातरणाऱ्या अडकित्त्यांचा संग्रह पाहणाऱ्याला थक्क करतो. दिनकर केळकर यांनी (1896-1990) घरोघरच्या वापराच्या वस्तू गोळा केल्या नसत्या तर मराठी माणसाच्या हातातले किती तरी सामान भंगारात वितळले असते. तरीही अडकित्ता धातूचा असल्याने संग्राहकाची वाट पाहू शकला, त्याला पोटात घेणारे कापड तेवढे थांबू शकले नाही, आणि संग्रहालयांच्या पाट्याही धातू, शतक आणि प्रांत सांगून थांबतात. वस्तू कुणाच्या कमरेला होती, सोबत आणखी काय होते, हे त्या सांगत नाहीत. याविषयी या स्तंभाने वारंवार तक्रार केली आहे आणि पाट्या बदलेपर्यंत ती करावीच लागेल.

बायकांच्या बाबतीत ही हानी अधिक मोठी आहे. नऊवारीतील बाईने पैसे कनवटीला लावले, किल्ल्यांचा जुडगा चांदीच्या छल्ल्यात अडकवून कमरेला खोचला आणि सुंठ, जायफळ, वेखंड, मुरुडशेंग बटव्यात ठेवली. बटवा दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ओढून मिटतो आणि त्याचे काम नेमके इन्रोचे आहे. सासूच्या कमरेचा जुडगा सुनेकडे गेला त्या दिवशी घराचा कारभार हलला, इतके वजन त्या एका वस्तूला होते. आज शिवून मिळणाऱ्या कुर्त्यांना पुरेसा खोल खिसा नसतो आणि यामागे स्त्रीच्या हाती स्वतःचे सामान नसावे हा जुना समज मुरलेला आहे, असे ठामपणे म्हणावेसे वाटते, मग शिंपी आणि कारखानदार कापडाच्या बचतीचे कारण कितीही देवोत.

2016 मध्ये युपीआय आल्यापासून पाकीटही हलके झाले आहे. तरी मोबाईलच्या कव्हरमागे घडी घातलेली नोट, विठ्ठलाचे चित्र किंवा मुलाचा पासपोर्ट आकाराचा फोटो ठेवणारी माणसे लोकलच्या कोणत्याही डब्यात दिसतात, आणि असा कप्पा कोणत्याही जाहिरातीने त्यांना शिकवलेला नाही.

ज्यांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी अजून एखादी चंची किंवा बटवा असेल त्यांनी तो धुऊ नये. चुन्याचे पांढरे कडक डाग, काताचा तांबडेपणा आणि शिवणीत अडकलेला सुपारीचा चुरा यांसह, आहे त्याच घड्यांत तो ठेवावा, कप्प्यांतील वस्तू ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने लिहून काढाव्यात, आणि कोणी शिवला, कोणी वापरला ही नावे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्याच कागदावर नोंदवावीत.