मुकादम, मशीन आणि ग्रामसभा

दिवाळी सरते, भाताची झोडणी उरकते आणि पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर दारांना कड्या लागू लागतात. भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्या, रेतीची कामे, मुंबई-ठाण्यातली बांधकामे, जिथे काम मिळेल तिथे कुटुंबे निघतात. ‘जगायला जातो’ असे सांगून निघतात आणि शिमग्याला, नाहीतर पार पावसाच्या तोंडाशी परततात. पावसाळ्यात इथे धुवांधार पाऊस कोसळतो, पण उतारावरून तो वाहून जातो. भात, नाचणी, वरई असे एकच खरिपाचे पीक हाती लागते. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण याच मोखाड्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही याच मोखाड्यात. त्यामुळे जगायला जाणे ही इथली हौस नसते, तो वर्षाच्या हिशेबाचा भाग असतो.

यंदाच्या दिवाळी अंकाचा मध्यवर्ती विषय आहे ‘माणसाची नोंद’. माणसाचे वय, जात, उत्पन्न, कुटुंब, आजार, आवडीनिवडी यांची बारीक नोंद ठेवायची आणि त्या नोंदीवरून त्याच्यासमोर नेमके स्थळ, नेमकी नोकरी, नेमके कर्ज ठेवायचे, हे तंत्र आता आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. सरकारनेही ते उचलले. केंद्राच्या ‘मायस्कीम’ या संकेतस्थळाचे उद्घाटन ४ जुलै २०२२ रोजी झाले. त्यावर आपला तपशील भरला की आपण कोणकोणत्या योजनांना पात्र आहोत, याची यादी समोर येते. कल्पना उत्तम आहे. योजना कळतच नाही म्हणून हुकते, हे दुखणे जुने आहे आणि त्यावर हा खरा इलाज होऊ शकतो. तरीही या तंत्राची परीक्षा शहरातल्या हुशार ग्राहकावर घेऊ नये. ती जव्हार-मोखाड्यात, तीही दिवाळीनंतर, घ्यावी.

कारण माणूस आणि काम यांची गाठ घालणारी एक व्यवस्था तिथे फार आधीपासून आहे. तिचे नाव मुकादम. त्याच्याकडे ना अ‍ॅप असते ना सर्व्हर, पण पाड्यावरच्या घराघराची माहिती त्याला तोंडपाठ असते. कोणाकडे लग्न आहे, कोणाची म्हातारी दवाखान्यात आहे, कोणाचे धान्य केव्हा संपणार, कोणत्या जोडप्याचे हात विटा पाडायला चांगले चालतात, गेल्या सालचे किती फिटायचे राहिले आहेत, हे सगळे तो जाणतो. आणि तो नेमक्या वेळी दारात येतो. सणाला रोकड लागते तेव्हा उचल हातावर ठेवतो. पुढे ती उचल फिटेपर्यंत कुटुंब भट्टीला बांधलेले राहते. वेठबिगारी मोडणारा कायदा देशात १९७६ मध्ये आला. पण उचलीच्या वहीत आकडा कसा वाढतो, हे ज्याच्या नावावर तो असतो त्याला वाचता येत नाही, तोवर त्या कायद्याचे हात आखूडच राहतात.

मुकादमाला गरज केव्हा आहे ते कळते. सरकारी नोंदीला पात्रता काय आहे एवढेच कळते. खावटीचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात कणगी रिकामी होते तेव्हा आदिवासी कुटुंबाला सावकाराच्या दारात जावे लागू नये, म्हणून १९७८ पासून खावटी कर्ज योजना होती. ती मधल्या काळात बंद पडली. करोनाच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, राज्याने तिचे अनुदानात रूपांतर केले. प्रत्येक पात्र कुटुंबाला ४,००० रुपये, त्यातले निम्मे खात्यात आणि निम्मे वस्तुरूपात. मग पात्र कुटुंबांचे गट ठरले, सर्वेक्षणे झाली, कागद आणि बँक खाती जुळवली गेली आणि वस्तूंचे वाटप पुढच्या वर्षात गेले. जुळणी झाली, पण वेळ टळली. त्या वेळेत मुकादम येऊन गेलेला असतो.

दुसरी अडचण पत्त्याची. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर मुलांची वजने, नोंदवह्या, तपासण्या यांचे मोठे जाळे उभे राहिले. पण ते गावाच्या पत्त्याला बांधलेले होते. कुटुंब भट्टीवर गेले की कमी वजनाच्या मुलाच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो, आणि ज्या महिन्यांत त्या मुलाला आहाराची सर्वांत जास्त गरज असते त्याच महिन्यांत ते गावच्या यादीत असून नसल्यासारखे होते. हे ओळखून महिला व बालविकास विभागाने स्थलांतराचा माग ठेवणारी ‘महा-एमटीएस’ ही प्रणाली आणली. गरोदर, स्तनदा माता आणि मुलांची नोंद त्यांच्याबरोबर पुढे सरकावी, जिथे जातील तिथल्या अंगणवाडीत त्यांना आहार आणि लस मिळावी, हा तिचा हेतू. तिच्या प्रायोगिक जिल्ह्यांत पालघरही होता. रेशनच्या बाबतीतही तसेच पाऊल पडले. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात यांच्यात एकमेकांच्या कार्डावर धान्य देण्याचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे ती सोय देशभर पसरली. माणूस हलतो तशी नोंदही हलली पाहिजे, हे तत्त्व आता सरकारला मान्य आहे. तंत्रज्ञानाने खरोखर करण्याजोगे काम हेच, आणि त्याबद्दल त्याला पूर्ण श्रेय दिले पाहिजे.

मात्र तेच यंत्र जेव्हा ‘नाही’ म्हणते, तेव्हा त्याच्याशी बोलायचे कोणी? विटा उचलून घासलेला अंगठा मशीनवर उमटत नाही. डोंगराआड रेंज नसते. रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी भरण्याची पद्धत जानेवारी २०२३ पासून सर्वत्र सक्तीची झाली. फोटो चढला नाही की मजुरीचा घोळ झालाच. अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी २०२५ पासून चेहऱ्याची ओळख पटवावी लागते. हा सगळा भार शेवटी येतो तो सेविकेवर. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले. इंग्रजीत माहिती भरायला लावणाऱ्या अ‍ॅपलाही त्यांनी विरोध केला. तो आळस नव्हता. ज्यांच्या हातून नोंद होते त्यांनाच ती वाचता यायला हवी, एवढे साधे मागणे होते. आधार नसल्याच्या कारणाने कोणत्याही बालकाचा लाभ अडवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात बजावले. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. ओळख मिळण्यात आदिवासी देशात पहिला होता. लाभ मिळण्याच्या रांगेतला त्याचा क्रमांक मात्र तेवढ्याने बदलला नाही.

ही केवळ गरीब देशाची रड आहे, असेही कोणी समजू नये. नेदरलँड्समध्ये बालसंगोपनाचे अनुदान घेणाऱ्या हजारो पालकांना करखात्याने चुकीने लबाड ठरवले. कोणावर संशय घ्यायचा हे सुचवणाऱ्या प्रणालीत राष्ट्रीयत्वाचाही विचार होत होता. कुटुंबे कर्जात बुडाली आणि त्या प्रकरणावरून जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. इंटरनेट उत्तम होते, नोंदी बारीक होत्या. ज्याची नोंद होती, त्याला मात्र ‘हे चूक आहे’ म्हणायला जागा नव्हती.

ती जागा आपल्याकडे कायद्यात आहे. जव्हार आणि मोखाडा हे अनुसूचित क्षेत्र. अशा क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने गरिबी निर्मूलनाच्या योजनांचे लाभार्थी निवडण्याची जबाबदारी ग्रामसभेवर टाकली आहे. कोण गरजू आहे हे शेजाऱ्यांना कळते, तेही मुकादमाइतकेच बारकाईने, आणि फरक असा की त्यांना ते सर्वांसमक्ष बोलावे लागते. त्याहीआधी, १९७७ मध्ये, महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा करून आणखी सोपी वाट दाखवली होती. जो मागेल त्याला काम. उन्हात खडी फोडायला जो येतो, त्याच्या गरजेचा वेगळा पुरावा कशाला हवा? निवड माणूस स्वतःच करत होता. नोंदीचे तंत्र जितके सूक्ष्म होत गेले, तितकी ही दोन्ही शहाणपणे मागे पडत गेली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही इथे फारसा कामाला येत नाही. अनुदाने आणि लाभ देण्यासाठी माहिती वापरायची तर सरकारला त्यात बरीच मोकळीक आहे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक पाड्याची लाभार्थी यादी वर्षातून एकदा, नवरात्राच्या सुमारास, ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी, म्हणजे लोक गाव सोडण्याआधी चुका दुरुस्त होतील. यंत्राने नकार दिला तर त्याचे कारण मराठीत, कागदावर, त्याच दिवशी हाती पडावे आणि तोवर धान्य थांबू नये. हातात रोकड हवी असते ती दिवाळीपूर्वी, तेव्हा रोजगार हमीची थकलेली मजुरीही दिवाळीपूर्वीच चुकती व्हावी. मुकादमाला हरवायचे असेल तर त्याच्या तारखेच्या आधी पोहोचावे लागेल. यासाठी नवे अ‍ॅप लागत नाही.

महाराष्ट्रात दिवाळी अंकांची परंपरा १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केली. तेव्हापासून प्रत्येक संपादक वाचकाची फारशी माहिती नसताना अंक काढत आला आहे. आमच्याकडेही आपली नोंद नाही, आपल्या पत्रांची वाट मात्र आहे.

आणि एक विनंती. आपण भिवंडी, कल्याण, वसई परिसरात राहत असाल तर येत्या महिन्यात जवळच्या वीटभट्टीवर मुले दिसतील. जवळच्या अंगणवाडीत जाऊन त्यांची नोंद झाली आहे का, एवढे विचारा. नसेल तर सेविकेला भट्टीची वाट दाखवा. नोंद करणे तिचे काम आहे, ती मुले तिथे आहेत हे सांगणे आपले.