कागदावरची मजल आणि घाटातली मजल

#धागा

१/ टाटा मोटर्सने मे २०२२ मध्ये ‘एस ईव्ही’ ही विजेवर चालणारी छोटी मालवाहू गाडी आणली. रस्त्यावरचे लोक तिच्या डिझेल भावंडाला ‘छोटा हत्ती’ म्हणतात. बॅटरी २१.३ युनिटांची, एका चार्जिंगमध्ये प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर. तेव्हापासून या वर्गातील बहुतेक गाड्यांच्या जाहिरातींत दीडशेच्या आसपासचा एक आकडा ठळक अक्षरांत दिसतो. तळेगाव दाभाडे येथून मुंबईला माल नेणाऱ्याने हा आकडा कसा वाचावा, हा प्रश्न वाहनशास्त्राचा वाटतो. पण त्याचे निम्मे उत्तर भोर घाटाच्या इतिहासात आहे.

२/ ‘रेंज’ या शब्दासाठी मराठीत नवा शब्द घडवण्याची गरज नव्हती. ‘मजल’ हा शब्द होताच. एका दिवसात, एका दमात गाठायचे अंतर म्हणजे मजल. ‘मजल दरमजल’ हा प्रयोग त्यातूनच आला. मजल ठराविक कोसांची नसे. वाट कशी, पाठीवर ओझे किती, पुढे पाणी व चारा कोठे, यावर ती ठरे. कोस हे मापसुद्धा मुलखागणिक वेगळे भरत असे. आजच्या वाचकाला हा गबाळेपणा वाटेल. प्रत्यक्षात त्या सैल मापात जो प्रामाणिकपणा होता, तो आजच्या दशांश चिन्हापर्यंत मोजलेल्या आकड्यात उरलेला नाही.

३/ १८३० पूर्वी बोरघाटातून, म्हणजेच भोर घाटातून, माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून जाई. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, नोव्हेंबर १८३० मध्ये, चाकाच्या गाड्यांना योग्य असा रस्ता खुला झाला आणि त्यावर टोलही बसला. म्हणजे घाट चढण्याची किंमत दोन जागी मोजली जाऊ लागली : एक नाक्यावर रोकड, दुसरी बैलांच्या दमात. पहिली सरकार ठरवी. दुसरी गाडीवानालाच ठाऊक असे. सपाटीवर जे ओझे एक जोडी सहज ओढी, त्यालाच घाटात जादा जोडी लावावी लागे. ‘या बैलांची मजल किती?’ असा प्रश्न कोणी ओझे आणि वाट सांगितल्याशिवाय विचारीत नसे.

४/ मग रेल्वे आली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या भोर घाटातील मार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे २५ किलोमीटरच्या वाटेत १,८३१ फूट चढ, २५ बोगदे, आणि तीव्रतम उतार ३७ फुटांस १ फूट. (कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर अल्पावधीतच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट निभावून नेले. तिच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा.) एका टप्प्यावर चाळीस हजारांहून अधिक मजूर या डोंगरात राबत होते, त्यांतील किती जण कॉलरा, ताप आणि सुरुंग यांना बळी पडले, त्याची मोजदाद मात्र या फुटांइतक्या काटेकोरपणे कोणी केली नाही.

५/ येथे लक्ष द्यायचे ते ‘३७ ला १’ या आकड्याकडे. रेल्वेच्या अभियंत्यांनी हा आकडा लपवला नाही. उलट त्याच्याभोवती सारा व्यवहार रचला. कोणते इंजिन कोणत्या विभागात किती टन ओढील, याची कोष्टके विभागवार असत. एकच इंजिन सपाटीवर एक भार ओढी आणि घाटात त्याचा काही अंशच. ‘या इंजिनाची शक्ती एवढी’ असे एकच वाक्य सांगून कोणत्याही स्टेशनमास्तराला गाडी सोडता येत नसे.

६/ आजही मुंबईकडून येणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लागतात, त्यांना ‘बँकर’ म्हणतात. लोणावळ्याला ती सुटतात. कर्जतच्या फलाटावर प्रवासी जो बटाटेवडा खातात, तो खरे तर ३७ ला १ या चढाने दिलेल्या सवडीत खातात. जादा बैलजोडीचीच ही लोखंडी आवृत्ती आहे.

७/ चढाइतकाच उतार महत्त्वाचा, आणि विजेच्या गाडीच्या दृष्टीने तर अधिकच. खाली येणाऱ्या गाडीजवळ उंचीने साठवलेली ऊर्जा असते. वाफेच्या काळात ती सारी ब्रेकमध्ये जळून जाई, आणि ब्रेक सुटले तर गाडी आडवाटेच्या चढणीवर वळवून थोपवण्यासाठी ‘कॅच सायडिंग’ ठेवलेले असत. १९२९-३० च्या सुमारास कल्याण–पुणे मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले, खंडाळ्याजवळचे गाडीची दिशा उलटवणारे जुने ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ही १९२९ मध्ये बाद झाले, आणि १ जून १९३० रोजी ‘डेक्कन क्वीन’ धावू लागली.

८/ या मार्गावर मालगाड्यांसाठी जी विजेची इंजिने आली, त्यांना पुढे ‘डब्ल्यूसीजी-१’ हे नाव मिळाले. रेल्वेतील माणसे त्यांना ‘खेकडा’ म्हणत. २,६०० अश्वशक्तीच्या या खेकड्यात एक विशेष सोय होती : घाट उतरताना त्याच्या मोटारी जनित्र बनत आणि वीज तारेत परत जाई. उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हातभार लावी. आज विक्रेता ‘रीजेन’ हा शब्द कालच जन्मल्याच्या थाटात उच्चारतो. खंडाळ्याच्या डोंगराला तो जवळजवळ शतकभर परिचित आहे.

९/ आता ही सारी शिदोरी घेऊन छोट्या हत्तीकडे यावे. तळेगावात औद्योगिक विकास महामंडळाचे फुलोत्पादन उद्यान आहे. मावळातील हरितगृहांमधला गुलाब पहाटे बाजारात पोहोचावा लागतो. उशीर झाला की भाव पडतो. दादरच्या फूलबाजाराचे अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या आत. कागदावर १५४, रस्ता सुमारे १२०. म्हणजे प्रश्न मिटला?

१०/ गणित साधे आहे आणि शाळेतील भौतिकशास्त्रावर भागते. वाहन, चालक आणि माल मिळून वजन दोन टन धरू. खोपोली ते खंडाळा-लोणावळा या चढाची उंची ५५० मीटर धरू. दोन टन वजन ५५० मीटर नुसते उचलायला तीन युनिटे वीज लागते. चाकांचे घर्षण व वाऱ्याचा विरोध यांसाठी पंधरा किलोमीटरांत आणखी सुमारे दीड युनिट, आणि मोटारीतला अपव्यय. बेरीज सव्वापाच ते साडेपाच युनिटे. म्हणजे पंधरा किलोमीटरांत बॅटरीचा चौथा हिस्सा! कागदी हिशेबाने तेवढ्याच विजेत ही गाडी ३८ किलोमीटर जायला हवी होती.

११/ गुलाबाच्या व्यापारात एक सुदैव आहे. माल घाट उतरतो आणि घाट चढते ती रिकामी गाडी. रिकाम्या गाडीला त्याच चढाला साडेतीन ते पावणेचार युनिटे पुरतील. उतरताना उलट एखादे युनिट परतही मिळेल. पण परतीला खताची पोती किंवा हरितगृहाचा प्लास्टिक कागद भरला, की पुन्हा सव्वापाच. उतारावरच्या परताव्यालाही एक अट आहे : बॅटरीत जागा हवी. तळेगावहून निघालेली गाडी घाटमाथ्यापर्यंत तीसेक किलोमीटर चालून चार युनिटे रिकामी करते, म्हणून तिला परतावा घेता येतो. लोणावळ्यातच शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरणाऱ्या गाडीची बॅटरी मात्र आधीच भरलेली असते. तिचा हा लाभ ब्रेकच्या उष्णतेत जातो, अगदी वाफेच्या इंजिनासारखा.

१२/ पूर्ण फेरीचा हिशेब असा. जाताना प्रमाणित दराने व घाटाचा परतावा धरून साडेतेरा युनिटांच्या आसपास. येताना रिकाम्या गाडीने सुमारे अठरा. २१.३ पैकी अठरा म्हणजे हाताशी जेमतेम तीन युनिटे उरतात, तीही महामार्गाचा वेग, पावसातला ओला रस्ता, घाटातील कोंडी आणि बॅटरीचे वय यांतील काहीही न धरता. शहाणा चालक खालापूर-खोपोलीच्या आसपास थांबून थोडी वीज घेईलच. घाटाच्या पायथ्याशी मुक्काम करून दम खाण्याची ही रीत नवी नव्हे.

१३/ खर्चाचेही तसेच. उदाहरणादाखल घरच्या विजेचा दर युनिटला १० रुपये आणि जलद चार्जिंगचा २० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी असा धरू. भिंतीतून निघालेल्या विजेतील दहावा हिस्सा वाटेत गळतो, तोही धरू. केवळ घरी चार्ज करून कागदी पल्ला गाठणाऱ्या गाडीला किलोमीटरला दीड रुपया पडतो. जाहिरातीला आवडतो तो हाच आकडा. मुंबईत साडेतेरा युनिटे जलद चार्जरवर भरून तळेगावला परतणाऱ्या गाडीला मात्र २४० किलोमीटरांसाठी साडेपाचशेहून अधिक रुपये लागतात, म्हणजे किलोमीटरला सुमारे २ रुपये ३० पैसे. दीडपट!

१४/ आणि तरीही ही गाडी जिंकते. डिझेलच्या छोट्या गाडीला लिटरमागे १८ ते २० किलोमीटर आणि लिटरला नव्वद रुपये धरले, तर किलोमीटरला साडेचार ते पाच रुपये होतात. खरा आकडा सांगूनही विजेची गाडी निम्म्या खर्चात पडते. मग सपाटीचाच आकडा एकटा का छापावा? खरा आकडा लाजिरवाणा असता, तर लपवण्यामागे निदान व्यापारी शहाणपण दिसले असते.

१५/ यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रमाणित चाचणी सर्व गाड्यांना सारखी असावी लागते. प्रत्येक घाटासाठी वेगळी चाचणी घेत बसले तर तुलनाच संपेल. १५४ हा आकडा खोटा नाही. चाचणीच्या रुळांवर ठरलेल्या वेगक्रमाने, चढाशिवाय, तो खरोखर मिळतो. हे मान्य. पण रेल्वेने एकाच वेळी दोन्ही केले होते : इंजिनाची अश्वशक्तीही नोंदवली आणि विभागवार भाराचे कोष्टकही दिले. तुलना व उपयोग या दोन वेगळ्या गरजा आहेत. एका आकड्याने पहिली भागते. दुसरी भागल्याचा केवळ भास होतो.

१६/ हा आग्रह मावळातूनच व्हावा, याला आणखी एक कारण आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचे पाणी नळांतून खोपोलीला उतरवून वीज करण्याची टाटांची योजना फेब्रुवारी १९१५ मध्ये सुरू झाली. ज्या उंचीवरून ते पाणी पडते, जवळजवळ तीच उंची गाडीला चढायची असते. वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. पुढे मुळशीच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या, १९२१ पासून सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र तरीही सुरू झाले. ‘स्वस्त वीज’ हा शब्दप्रयोग या मुलखात कोणाच्या तोंडी येतो आणि तिची किंमत कोणी चुकवलेली असते, हे एकदा पाहून झालेले आहे.

१७/ त्या मानाने आजची मागणी किती लहान! विक्रीपत्रकावर चारच ओळी हव्यात : पूर्ण भाराने सपाटीवर पल्ला किती, पूर्ण भाराने ५०० मीटर चढायला युनिटे किती, रिकामे चढायला किती, पाच वर्षांनी बॅटरीची किती क्षमता उरण्याची हमी. कंपन्यांच्या अभियंत्यांजवळ ही माहिती असतेच, तिच्याशिवाय गाडी घडत नाही. ती विक्रेत्याच्या टेबलापर्यंत येत नाही, एवढेच. कर्ज काढून गाडी घेणारा आणि हप्ता भरणारा माणूस मात्र त्याच टेबलापाशी बसलेला असतो.

१८/ तोवर तळेगावच्या ग्राहकाने जुनाच उपाय करावा. गाडी चाचणीसाठी मागावी ती स्टेशन रस्त्यावर फेरी मारायला नव्हे. नेहमीच्या मालाइतके वजन भरून खोपोलीपर्यंत उतरावे, तेथून परत चढावे, आणि पायथ्याशी व माथ्यावर बॅटरीची टक्केवारी कागदावर लिहून घ्यावी. विक्रेता नकार देईल, तर त्या नकाराचीही त्याच कागदावर नोंद करावी.