खुलासा हाच पुरावा?

बोफोर्सची आठवण निघाली की चर्चा व्यक्तींवर येऊन थांबते. पैसा कोणी घेतला, हा प्रश्न न्यायालयांतून वर्षानुवर्षे फिरला. परंतु संसद एका विदेशी कंपनीची चौकशी करावयास बसली तेव्हा ती कोठे अडली, याचा विचार आपण फारसा केला नाही.

२४ मार्च १९८६ रोजी सुमारे ४०० तोफांचा, १,४३७ कोटी रुपयांचा करार झाला. व्यवहारात मध्यस्थ नकोत, ही सरकारची भूमिका होती. आणि यासाठी भारतात आपण खास प्रतिनिधी नेमलेला नाही, असे कंपनीने त्याच महिन्यात लेखी कळविले होते. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश नभोवाणीने लाचेचे वृत्त दिले. जूनमध्ये तेथील लेखापरीक्षण खात्याने पैसे दिले गेल्यास दुजोरा दिला, पण बँकव्यवहाराच्या गुप्ततेस्तव त्या अहवालाचा काही भाग रोखून ठेवण्यात आला.

ऑगस्टमध्ये बी. शंकरानंद यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. प्रमुख विरोधी पक्षांनी तिच्यावर बहिष्कार घातला. त्यांचे आक्षेप रास्त असतीलही. परंतु उलटतपासणी ज्यांनी करावयाची तेच बाहेर राहिले, ही माझ्या मते चूकच होती. कंपनीचे अधिकारी समितीपुढे आले. दिलेली रक्कम लाच नव्हे, जुन्या प्रतिनिधींशी असलेले करार संपविण्याचा तो खर्च, असे त्यांनी सांगितले. त्यांच्यामागील माणसे कोण, असे विचारताच व्यापारी गुप्तता आडवी आली. तरीही एप्रिल १९८८ च्या अहवालात, दलाली वा लाच दिल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. ज्याच्यावर संशय त्याचाच खुलासा ग्राह्य धरला गेला! अण्णाद्रमुकचे आलडी अरुणा यांनी तेवढी भिन्नमतपत्रिका जोडली.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी काचनळ्या घ्यावयाच्या तरी आम्ही तीन दरपत्रके मागवितो, आणि लेखापरीक्षक एकेक पावती तपासतो. कोट्यवधींच्या खरेदीत मात्र विक्रेत्याच्या वह्या बंद राहतात. मध्यस्थाला दिलेला पैसा कंपनी स्वतःच्या नफ्यातून सोडते, हा समज भाबडा आहे. तो बहुधा किमतीतच मिसळलेला असतो आणि करदाता तो भरतो. म्हणून त्या वह्या हा केवळ कंपनीचा खाजगी मामला राहत नाही.

संसदीय समितीचे समन्स देशाच्या सीमेपलीकडे चालत नाही. लोकलेखा समिती तर बहुधा खर्च होऊन गेल्यावरच महालेखापरीक्षकांच्या अहवालावरून कामाला लागते. यावर उपाय करारातच हवा. २००६ च्या संरक्षण खरेदी कार्यपद्धतीत सचोटी कराराची तरतूद होती, ही सुधारणा खरी. परंतु विक्रेत्याचे हिशेब पाहण्याचा हक्क केवळ खरेदीदार खात्याकडे राहिला तर स्वतःच्याच निर्णयाविरुद्ध ते खाते तो कशाला वापरील? या व्यवहारात मध्यस्थांना काय दिले, त्याची कागदपत्रे संसदेच्या समितीने मागताच हजर करू, नपेक्षा करार रद्द समजावा, असे कलम सहीपूर्वीच घालावे. विक्रेत्याला आपली गरज तेव्हाच सर्वाधिक असते. तोफा सैन्यात दाखल झाल्या की सुट्या भागांसाठी आपणच त्याच्या दारी उभे असतो.