सायकलबंदी अनाठायी

स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानात सायकलींना बंदी हवी, हे एका पत्रलेखकाचे मत पटले नाही. तिथल्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या सायकलस्वाराला पायी फिरणाऱ्याइतकाच हक्क दिला आहे. मोटारींना तो नाही. रानातले खडीचे रस्ते लाकूडतोड नि शिकारीच्या वाहनांसाठी बांधलेले. ट्रकचे वजन पेलणारी खडी सायकलने कितीशी झिजणार? डोंगरमाथ्यावरची ओली, दलदलीची माती चाकाने उकरली जाते, हा आक्षेप मात्र रास्त आहे. पण बुटांनीही ती उकरली जातेच. राहिला कॅपरकेली पक्ष्याचा मुद्दा. पाइनच्या रानात, ब्लेबेरीच्या झुडपांआड जमिनीवर घरटे करणारा हा पक्षी माणसाच्या नुसत्या चाहुलीने बिचकतो. म्हणून विणीच्या काळात खडीचा रस्ता सोडण्यास सर्वांनाच मनाई करावी, पायी फिरणाऱ्यांनाही!

— एक वाचक