एक डोंगर, तीन दप्तरे

वन्यजीव सप्ताह आज संपतो. गेला आठवडाभर शाळाशाळांतून वाघ रंगवले गेले, प्रभातफेऱ्या निघाल्या, तालुक्याच्या ठिकाणी फलक लागले. कर्जत-खालापुरातल्या पोरांना वाघ काही भेटायचा नाही. खांडसहून भीमाशंकरची वाट चढताना नशीब असेल तर शेकरू भेटेल. पाठ तांबूस, पोट पिवळट, शेपूट अंगाएवढे झुपकेदार. हा आपला राज्यप्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. एका झाडावरून दुसऱ्यावर पंधरा-वीस फुटांची झेप घेत त्याचा दिवस जातो. फांदीला फांदी भिडते तिथवर त्याचा मुलूख.

सरकारी मुलूख वेगळ्या हिशेबाने आखलेला असतो. प्रामुख्याने या शेकरूसाठी 1985 साली भीमाशंकर अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे 130 चौरस किलोमीटर आणि जिल्हे तीन : पुणे, ठाणे, रायगड. देवळाचा माथा पुण्याचा, सिद्धगडाची बाजू ठाण्याची, खांडसवरचा कडा आपला. अभयारण्य वन्यजीव विभाग पाहतो. कडा उतरून खाली आले की अलिबागच्या प्रादेशिक वन विभागाची हद्द लागते आणि आणखी खाली, फार्महाऊसच्या तारांपाशी, महसूल खात्याची. शेकरूला यातले काहीच ठाऊक नाही, हे एक बरे आहे.

या हद्दी तरी कुठे अनादी आहेत? कर्जत तालुका 1891 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, मग कुलाब्यात आला; कुलाब्याचे रायगड झाले ते 1981 साली. बेचाळीसच्या लढ्यातल्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याला मात्र कर्जत आणि मुरबाडचे रान एकच होते. कोतवाल आणि हिराजी पाटील 2 जानेवारी 1943 रोजी ज्या सिद्धगडाच्या रानात हुतात्मा झाले, ते आज याच अभयारण्याच्या परिसरात येते. बेचाळीसच्या पोरांना जो डोंगर सलग दिसला, तो आपल्या कचेऱ्यांना दिसू नये?

हद्दीची खरी गंमत कळते ती वणव्यात. 15 फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरला जातो. त्याआधी धारेवरचे गवत कापून, जाळून जाळरेषा काढायच्या असतात. पायथ्याला राब भाजणी चाललेली असते, कुणी नवे गवत फुटावे म्हणून काडी लावतो, कुणी सशामागे, आणि शनिवार-रविवारच्या हौशी पाहुण्यांची चूल विझवायची राहून जाते. आग चढणीला धावते. खासगी माळावर लागलेली आग बघता बघता प्रादेशिक वनात आणि तिथून अभयारण्यात शिरते. मग पाठीवर ब्लोअर घेतलेला वनरक्षक आणि हिरव्या डहाळ्या घेतलेली वाडीवरची चार माणसे धारेवर उभी राहतात. खालच्या विभागाची जाळरेषा फेब्रुवारीत झाली आणि वरच्याची मार्चमध्ये, तर दोघांचाही खर्च धुरात जातो. दोन्ही रेषा एकाच आठवड्यात व्हाव्यात यासाठी कायदा लागत नाही, एक फोन लागतो.

माथेरानचेही तेच. 4 फेब्रुवारी 2003 च्या अधिसूचनेने माथेरान आणि भोवतालचे 214.73 चौरस किलोमीटर पर्यावरणीय संवेदनक्षेत्र ठरले. त्यात रायगडबरोबर ठाणे जिल्ह्याचाही भाग आहे. दोन वर्षांत क्षेत्रीय आराखडा व्हायचा होता. ती मुदत पाळली गेली नाही. याच डोंगरांतला प्रबळगड पनवेल तालुक्यात, इर्शाळगड खालापुरात, माथेरान कर्जतमध्ये. त्या इर्शाळगडाखाली 19 जुलै 2023 च्या रात्री ठाकरवाडी दरडीखाली गाडली गेली. 27 मृतदेह हाती आले, 57 माणसे सापडलीच नाहीत. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

आणि आता रस्ते. द्रुतगती मार्ग खालापुरातून गेला त्याला दोन तपे झाली. पनवेल-कर्जत लोहमार्गासाठी वावर्ल्याचा बोगदा खोदला गेला. पागोटे ते चौक या 29 किलोमीटरच्या सहापदरी महामार्गाला मार्च 2025 मध्ये केंद्राने मंजुरी दिली. प्रत्येक प्रकल्पाची फाइल स्वतंत्र, वनजमिनीची परवानगी स्वतंत्र. एकेका फाइलीत कदाचित बोट ठेवायला जागा नसेलही. पण सगळ्या मिळून डोंगराचे काय होते, हे कोणत्या टेबलावर मोजतात?

हद्दीपलीकडे एकत्र काम करणे देशांच्या सीमा ओलांडूनही जमले आहे. आसामचे मानस आणि भूतानचे रॉयल मानस यांच्या वनकर्मचाऱ्यांनी मिळून कॅमेरे लावले आणि वाघ मोजले. गिधाडांना मारणारे जनावरांचे डायक्लोफिनॅक भारत, नेपाळ आणि पाकिस्तान या तिघांनी 2006 मध्येच बंद केले, बांगलादेशाने 2010 मध्ये. एरवी एका टेबलाला न बसणारी ही सरकारे. इकडे एका देशातल्या सहा राज्यांत मात्र पश्चिम घाटाच्या संवेदनक्षेत्राचे मसुद्यावर मसुदे निघतात. 2014 पासूनचा सहावा मसुदा 31 जुलै 2024 चा, वायनाडच्या दरडीनंतरच्या दुसऱ्या दिवशीचा.

समन्वय म्हटले की वाडीवर भीती पसरते, तीही खोटी नाही. दळी, म्हणजे रानातली उताराची जमीन, कसणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांच्या अनुभवात दोन खाती एकत्र आली ती बहुधा त्यांना अडवायलाच. रानडुकराने भात लोळवले तर तीन दिवसांत कळवायचे आणि पंचनाम्याला वनपाल, तलाठी, कृषी सहायक तिघेही हवेत. भरपाईसाठी कागदावर तीन खात्यांच्या सह्या लागत असतील, तर त्याच तीन खात्यांनी रानासाठी एकत्र बसायला हरकत काय?

आम्हाला नवे प्राधिकरण नको. त्याला इमारत लागते, गाड्या लागतात आणि डोंगर राहतो तिथेच. दोन्ही वन विभाग, रायगड-ठाणे-पुण्याचे महसूल अधिकारी, रस्ते आणि रेल्वेवाले यांनी वर्षातून दोनदा एका नकाशाभोवती बसावे. त्या नकाशावर वाड्या, दळ्या, जाळरेषा, दरडीच्या जागा आणि मंजूर-नामंजूर सगळे प्रकल्प एकत्र असावेत, आणि तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. पहिली बैठक जानेवारीत, जाळरेषांच्या आधी घ्यावी. मंत्रालयात नको, अलिबागला नको. खांडसला घ्या, आणि आजूबाजूच्या वाड्यांवरच्या बायाबापड्यांना खुर्च्या पुढच्या रांगेत द्या.