मागच्या काचेची चालढकल

मोटारीची मागची काच फुटल्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवून महिनोन्‌महिने हिंडणे, यास मी काटकसर म्हणणार नाही. आमच्या छोट्या सेडानला आम्हीही आठवडाभर तेच केले. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर फटींतून आत ओढला जातो. मागे बसणार कोण, तर आमची दमेकरी आजी!

"साधी काच मापाने कापून बसवा की," मी मेस्त्रींना म्हटले. ते हसले. फुटली तर तिचे सुरे होतील, म्हणाले. कारखान्यातली तापवून एकदम थंड केलेली असते. फुटली तर खडे होतात, पण नंतर कापता येत नाही. त्याच गाडीची तयार आणावी लागते. बसवल्यावरही सोल्युशन वाळेपर्यंत त्यांनी किल्ली दिली नाही. मी हुज्जत घातली. सोबत आलेली आजी मात्र बाकावर स्वस्थ बसून होती.