मेलबर्नचा मानीपणा
सिडनी थोर की मेलबर्न, हे भांडण मिटेना म्हणून ऑस्ट्रेलियानं राजधानी तिसरीकडेच, कॅनबेराला नेली. दोन्ही राज्यांच्या रुळांची रुंदीसुद्धा वेगळी. १९६२ पर्यंत हद्दीवरच्या आल्बरीला उतारू बोचकी उचलून गाडी बदलत! असे हे मानी शेजारी. पण सिडनीच्या विमानतळाखाली २००० सालीच आगगाडी आली आणि १९७० साली सुरू झालेला मेलबर्नचा विमानतळ अजून बसवरच! मग कुठं गेला तो मानीपणा? आमचे मेलबर्नवासी जावईबापू म्हणतात, “पण बाबा, सिडनीच्या त्या स्टेशनांवर जादा आकार पडतो!” अहो, पडू द्या की. स्टेशन असल्याशिवाय का आकार पडतो? माझी तेवीस किलोंची बॅग (निम्मी चकलीची भाजणी) बसच्या रांगेत काय तुमच्या अभिमानावर ठेवू?